चाळीस फूट

उद्यमनगरात, दस्तगीर मिस्त्रीच्या शेडमध्ये
माझी चेतक पुढच्या चाकाशिवाय उभी आहे
विटांच्या दोन थरांवर,
दाढ काढायला आलेल्या माणसासारखी आ वासून.

मिस्त्रीनं लिंक उपसली, पिन पुसली,
बुश करंगळीत घालून फिरवला आणि उजेडात धरला.
गोल राहिलाच नव्हता. अंडं झालं होतं त्याचं.
‘ह्याच्यावर वहिनींना बसवून फिरवत हुता तुम्ही?’
मी बोललो नाही,
की शालन मागे बसते तेव्हाच गाडी जरा सरळ चालते.

बत्तीस वर्षं मी गुळाच्या अडतीत दिवाणजी,
रव्यांचे आकडे मांडतो, काट्यावर डोळा ठेवतो.
आणि बत्तीस वर्षं पुढचा ब्रेक दाबला की ही
नव्या जावयासारखी वाकून नमस्कार घालते.
थांबत मात्र नाही.
थांबण्याची सगळी व्यवस्था म्हणजे
एक गंजकी केबल, चकचकीत झालेले लायनर,
माझा उजवा पाय,
आणि उतार यायच्या आधीच
खांद्यावर आवळत जाणारी शालनची पाच बोटं.

आता डिस्क एका गाडीची, कॅलिपर भलत्याच गाडीचा,
शॉकअप पुण्याहून कुरिअरनं आलेला, गॅसचा, पिवळ्या स्प्रिंगचा.
तिघांचं हिच्याशी सूत जुळेना.
अर्धं सूत. खरंच अर्धं सूत कमी पडत होतं.
मिस्त्रीचा पुतण्या इर्शाद लेथवर पट्टी लावून बसला.
निळसर कीस गुंडाळत खाली पडत होता,
समोरच्या फौंड्रीतून जळक्या वाळूचा वास,
आणि कुणीतरी चहावाल्याला
‘तीन कट’ म्हणून ओरडत होतं.
दोनदा काढली, दोनदा घासली.
तिसऱ्यांदा पट्टी बसली, ती
आपली जागा माहीत असल्यासारखी.

मग तेल भरणं.
मी लिव्हर दाबायची, इर्शादनं निपल सैल करायचं.
‘दाबा. धरा. आता सोडा.’
पारदर्शक नळीतून बुडबुडे,
मोठे, मग मोहरीएवढे, मग एखादाच.
काहिलीतले बुडबुडे बघून गुळव्या जसा गप्प होतो
तसा तो गप्प झाला,
आणि माझ्या मुठीत लिव्हर दगडासारखी घट्ट.

‘दोन बोटं,’ मिस्त्री म्हणाला, ‘मूठ न्हाई.
मूठ इसरा आता.’

टेंबलाईच्या उताराला मी ब्रेक धरला
तिथंच, जिथं बत्तीस वर्षं धरत आलो,
फुटक्या मैलाच्या दगडापाशी.
आणि गाडी उभी राहिली.
सिग्नलच्या चाळीस फूट अलीकडे,
नाक वर, सरळ, मोकळ्या रस्त्यात.
मागून हॉर्न. एक टेम्पोवाला आईवरून काहीतरी बोलून गेला.
‘काय झालं ओ?’
‘काही नाही. थांबली.’

ते चाळीस फूट माझे होते.
त्यात मी अर्धा हिशेब करायचो,
रसवंतीवर कोण बसलंय बघायचो,
थांबेल की नाही, थांबेल की नाही,
आणि खांद्यावरच्या त्या बोटांना
मनातल्या मनात म्हणायचो, धर.

महिना झाला.
पायाला अजून कळलेलं नाही, तो लवकरच दाबतो.
शालनला कळलं.
काल उताराला तिनं खांदा धरलाच नाही.
आरशात बघितलं तर
मांडीवर पुडी, शेंगा सोलत होती,
फोलपटं वाऱ्यावर सोडत होती एकेक.

मी उगाच दोन बोटं दाबली.
सिग्नल नव्हता, खड्डा नव्हता, कुत्रंसुद्धा नव्हतं.
गाडी वाकली नाही, डुलली नाही.
एक फोलपट माझ्या कॉलरमध्ये शिरलं.

‘आलं का घर?’ ती म्हणाली.