कारणाचा रकाना

रजेच्या अर्जात कारणासाठी दोन ओळींची जागा असते.
बावीस हंगाम मी त्या दोन ओळी वाचते आहे,
जालन्यात, बियाण्याच्या कंपनीत,
टाइम ऑफिसच्या खिडकीआड.
सरकीला चढवलेल्या औषधाचा गुलाबी रंग
अर्जांच्या कोपऱ्यांनाही लागलेला असतो.

मार्चअखेर नोटीस लागते:
हंगाम संपेपर्यंत सर्व रजा बंद.
आणि लग्नाच्या तिथी नेमक्या तेव्हाच.
म्हणून आमच्याकडे एप्रिलात माणसं आजारी पडतात.
हळदीला ताप येतो,
वरातीला जुलाब लागतात,
कामावर परततात तेव्हा तळहातावर मेंदी
आणि खिशात डॉक्टरची चिठ्ठी.

शेख वाजेदची आजी माझ्या रजिस्टरात तीनदा वारली.
चौथ्यांदा तोच लाजला,
म्हणाला, मॅडम, या बारीला मामू लिहितो.

पॅकिंगच्या गंगासागर डोळसनं एकदा खरं लिहिलं होतं,
'माहेरी शेवया करायच्या आहेत, आई एकटी आहे.'
साहेबांनी लाल पेनानं विचारलं, हे काय कारण झालं?
तिनं नवा अर्ज दिला. पोटदुखी.
मंजूर.

गेल्या वर्षी पुण्याहून एचआरचे नवे साहेब आले.
पडद्यावर दोन नारळांना बांधलेला झोपाळा दाखवला,
म्हणाले, माणसानं रिचार्ज झालं पाहिजे,
ऑफिसर ग्रेडला आता अमर्याद रजा.
मागच्या रांगेतून लिंबाजी खंदारेनं हात वर केला,
ग्रेडिंग मशीनवरचा, एका कानानं कमी ऐकणारा.
साहेब, अमर्याद म्हणजे नेमक्या किती?
कूलरचा आवाज तेवढा येत राहिला.

त्याच लिंबाजीचा यंदा अर्ज आला.
दोन दिवस.
कारण: काही नाही.

मी बोलावून घेतलं.
भाऊ, काहीतरी लिहा हो.
काहीच नाही तं काय लिहू?
मग रजा कशाला?
त्याच्यासाठीच की, म्हणाला.
काही नाही करायला.
लई वर्षं झाली, जमलंच नाही.

तीन दिवस तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता,
डब्याच्या चमच्याशेजारी.
कॉम्प्युटरमध्ये कारणं आधीच भरलेली असतात:
आजारपण, विवाह, निधन, इतर.
मी 'इतर' निवडलं.
खाली आलं, तपशील द्या, किमान दहा अक्षरे.
काही नाही, हे चारच अक्षरांचं.
मशीननं परत पाठवलं.
मग मी टाइप केलं
काही नाही काही नाही काही नाही
आणि ते गेलं.
वर कुणी वाचत नाही, हे तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी माझं खातं उघडून बघितलं.
दर वर्षी अठरातल्या बारा रजा मी कंपनीला विकते.
त्यातून फ्रिज आला,
भावाचं डी.एड. झालं, नोकरी नाही झाली,
एकदा नुसतंच लाइट बिल.
बावीस गुणिले बारा, दोनशे चौसष्ट.
एक मूल जन्माला यायला लागतात तेवढे दिवस.
मी गुणाकार पुन्हा करून पाहिला.

लिंबाजी तिसऱ्या दिवशी पंच करायला आला
तेव्हा बोटांना निळा ऑइलपेंट.
काय केलं दोन दिवस?
तो खाली बघून हसला.
पहिल्या दिवशी पत्र्याचं दार रंगवलं, राहवलंच नाही.
दुसऱ्या दिवशी बायकोनं दळण आणायला लावलं, मोटर बघितली,
मेव्हणा येऊन बसला जेवणापर्यंत.

म्हणजे जमलं नाही तर.

जमलं की, म्हणाला,
साडेपाचला. बाजंवर. अर्धा घंटा.
मग मशीन सुरू झाल्याचा भोंगा झाला
आणि चांगला कान माझ्याकडे वळवून त्यानं विचारलं,
मॅडम, तुमच्या किती शिल्लक हायेत?