भिंतीचा माणूस

ऑल्विन ट्रँटर, वय एकोणऐंशी.
रॉदरहॅमला तिसऱ्या मजल्यावर राहतो.
दर शुक्रवारी त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या पोचवते मी
आणि नको नको म्हणत चहा पिते.

त्याचं काम होतं भिंत सरकवायचं.

टीव्हीवरची भिंत. शनिवारी संध्याकाळी
अख्खा देश चिप्सवर व्हिनेगर शिंपडत बघायचा ती.
अलीकडे उंच स्टुलावर एक मुलगी,
पलीकडे तीन स्टुलांवर तीन मुलगे,
मध्ये गुलाबी रंगवलेलं प्लायवूड, खाली आठ चाकं.
ती प्रश्न विचारायची, ते घोकलेली उत्तरं द्यायचे,
प्रत्येक उत्तराला एक चावट शेपूट.
मग ती म्हणायची, नंबर दोन.
मग ऑल्विन.

"मला दोन्हीकडचं दिसायचं," तो सांगतो.
"नाकारलेले दोघं आधी तिला भेटून जायचे,
गालाला गाल लावून,
आणि तिच्या चेहऱ्यावर हिशेब सुरू व्हायचा,
हे इतके देखणे, तर उरलेला कसा?
उरलेला तिकडे तळवे पँटला पुसत असायचा.
मधोमध मी, आणि तेलाचा डबा."

जमली किती? तो ओठ मुडपतो.
बहुतेक आठवड्याभरात परत यायची,
उन्हानं लालेलाल, सोफ्याच्या दोन टोकांना बसून
एकमेकांची उणीदुणी काढायला.
ती घोरते. तो उठल्यासुटल्या आईला फोन करतो.
लोकांना तेच आवडायचं,
लग्नापेक्षा जास्त.

एकदा मात्र, एकोणनव्वद साल असेल,
ग्रिम्स्बीची ग्लेनिस, मासळीच्या कारखान्यातली,
नखांचा वास जाईना म्हणून हात पाठीमागे धरलेले.
नंबर तीन म्हणाली आणि डोळे गच्च मिटून घेतले.
कॅमेरा मुलावर होता, कुणाला दिसलं नाही.
ऑल्विननं चाक अडल्याचं सोंग केलं.
ती डोळे उघडेपर्यंत
भिंत खांद्यानं धरून ठेवली.
नंतर शिव्या खाल्ल्या, मनसोक्त.
पुढे काय झालं त्या दोघांचं?
"मला काय माहीत. मी भिंतीचा माणूस."

म्यूरिअल घरी बसून बघायची, एकही शनिवार न चुकवता.
जोड्यांशी तिला घेणंदेणं नव्हतं.
भिंतीच्या कडेला क्षणभर चार बोटं दिसायची,
तेवढी दिसली की ती उठून बटाटे उकडायला टाकायची.

परवा लंडनहून फोन आला.
तो खेळ पुन्हा सुरू होतोय. नवी वाहिनी,
भिंतीत दिवे, भिंतीला मोटर.
इमोजन नावाची कुणी, आवाजावरून जेमतेम पंचविशीची,
विचारत होती, तेव्हा भिंत उघडायला किती सेकंद लागायचे?
"आधी मुलीला डोळे उघडू द्या," हा म्हणाला.
"काय म्हणालात?"
"चार. चार सेकंद."

मी त्याला अंतरपाटाचं सांगितलं.
कापड, अक्षता, अष्टकं म्हणणाऱ्या हौशी आत्या.
सगळे विचारतात तसं त्यानं नवरानवरीचं काही विचारलं नाही.
"धरतं कोण?"
दोघं जण, एकेका टोकाला.
"किती वेळ?"
आत्यांवर आहे. पंधरा मिनिटं, वीस.
"हात भरून येत असतील त्यांचे."

घरी जाऊन माझ्या लग्नाचा अल्बम काढला.
पांढऱ्या कापडाच्या कडेला बोटं आहेत,
एकात अंगठी, जरा घट्ट झालेली.
कुणाची, ते आईलाही आठवेना.

पहिला भाग आम्ही मिळून पाहिला.
म्यूरिअलच्या खुर्चीत बस, म्हणाला, तिथून नीट दिसतं.
मुलगी नॉटिंगहॅमची, दात फार पांढरे.
तिनं नंबर एक म्हटलं.
आवाज न करता भिंत गेली, लोणी कापावं तशी,
कडेला कुणीच नव्हतं.

"लवकर," ऑल्विन म्हणाला,
आणि व्हिनेगरची बाटली मागितली.