नळी क्रमांक चारशे सतरा

ओब्दुलिया रेगेइरा, वय त्र्याऐंशी.
नोयाच्या खाडीला ओहोटी लागली की
मांडीभर पाण्यात दाताळं ओढून शिंपले काढायची.
आता ओहोटी खिडकीतून बघते.
माझ्या कागदावर मात्र ती चारशे सतरा.
नावं आम्ही कुलपात ठेवतो,
रक्त उणे ऐंशीत.

मार्चमध्ये तिच्या स्वयंपाकघरात
फरशीवर चिकटपट्टी लावून चार मीटर आखले.
"चाला, रोज चालता तसं."
"रोज मी सरळ कुठे चालते?
टेबलाला वळसा, मांजराला वळसा,
अमादोरच्या खुर्चीला वळसा.
तो जाऊन अकरा वर्षं झाली, खुर्ची हलली नाही."
तरी चालली. पाच सेकंद, वर दोन दशांश.
मग हात छातीशी बांधून
पाचदा उठणं, पाचदा बसणं.
चौथ्यांदा हात आपसूक सुटले,
तिला कळलंही नाही.
मी लिहून घेतलं.
मग मुठीत यंत्र. दाबा, अजून, अजून थोडं.
सोळा किलो.
"शिंपल्यांची गोणी चाळीसची असायची,"
हे ती मला नाही, यंत्राला म्हणाली.

शीर लवकर सापडेना.
ती म्हणाली, शोधताय तरी काय एवढं?
मी सांगत गेले, मला येतं तसं:
की माणूस धडपडण्याच्या कितीतरी आधी
रक्तात एक मंद धग लागलेली असते,
तापमापीला न कळणारी;
कुठलं प्रथिन वाढतं, कुठलं आटतं,
ते आधी हाती लागलं तर
पुढचं थोडं लांबवता येईल कदाचित.
"कदाचित," ती म्हणाली.
"मासा नासणार हे आधी डोळ्यांत दिसतं.
माझे डोळे बघ ना, सुई कशाला?"
तोवर नळी भरली होती.

नोव्हेंबरातल्या वादळात सांतियागोची वीज गेली.
जनित्र सुरू झालं नाही.
धोक्याची घंटा ज्याच्या फोनवर वाजली
तो रजेवर, फोन खोलीत, तो लग्नात.
सकाळी गोठणपेटीचा काटा उणे अकरावर.
दोन फळ्या गेल्या.
चारशे सतरा दुसऱ्या फळीवर होती.
अर्जात एक ओळ असते: नमुना वापरण्याजोगा नाही.
त्या दिवशी ती एकशे बारा वेळा लिहिली.

परत गेले तेव्हा दार उघडायला वेळ लागला.
हातात काठी.
ऑगस्टमध्ये न्हाणीघरात पडली होती,
खुबा वाचला, मनगट गेलं.
"माझं रक्त सांडवलंस होय?" आणि हसली,
"असू दे. तेवढं नवं झालंय अंगात.
पण मार्चचं आता कुठून आणू गं?"

हेच मी नंतर बैठकीत सांगू पाहिलं,
शब्द जमले नाहीत.
आम्हाला हवं होतं पडण्याआधीचं रक्त.
हाती आहे ते पडल्यानंतरचं.
मधल्या आठ महिन्यांत काय निसटलं
ते ज्या थेंबांत होतं, ते थेंब वितळले.
तक्त्यात मार्चच्या घरात आता तीन नऊ,
म्हणजे माहिती उपलब्ध नाही.

चार मीटर पुन्हा आखले. नऊ सेकंद, वर चार दशांश.
ह्या वेळी खुर्चीला वळसा नव्हता;
वाटेत तिने अमादोरच्या खुर्चीची पाठ धरली,
क्षणभर, कुणाच्या खांद्यावर हात ठेवावा तशी.
नियमाप्रमाणे आधार घेतला की चाचणी बाद.
मी घड्याळ थांबवलं नाही.

निघताना म्हणाली,
"जाता जाता एवढं झाकण काढून दे."
पीचच्या मुरांब्याची बरणी, जुनी, काठाला साखर धरलेली.
पहिल्या झटक्यात हललं नाही.
दुसऱ्यांदा पदर नाही म्हणून सदऱ्याचं टोक धरून फिरवलं,
तेव्हा कुठे सुटलं.
मी एक्केचाळीस वर्षांची आहे.

गाडीत बसल्यावर पेटीतून यंत्र काढलं,
मुठीत धरलं, दाबलं, अजून थोडं दाबलं,
आणि आकड्याची बाजू खाली करून
तसंच पेटीत ठेवून दिलं.