आवक मालाची वही

लीगचा इतिहास लिहून द्या म्हणतात.
माझ्याकडं काय, ही एक वही आहे,
पूर्णा जंक्शनच्या मालधक्क्यावरून रद्दीत निघालेली.
वॅगन नंबरच्या रकान्यात बनियनचा नंबर,
पोत्यांच्या रकान्यात गुण,
आणि ‘तूट-फूट’ छापलंय तिथं फाउल.

मी कधी खेळलो नाही.
पाच फूट एक इंच. अक्षर बरं, म्हणून टेबलाशी.

पहिल्या पानावर अडुसष्ट साल. चार संघ:
लोको, कॅरेज, मोंढा, आणि स्टेशन रोड बॉईज,
ज्यांतला एकही बॉय तिशीच्या आतला नव्हता.
रिंगा लोकोशेडच्या भट्टीत वाकवल्या राजलिंग येमेवारनं.
फळ्या मोडीतल्या वॅगनच्या,
उत्तरेकडच्या फळीवर शेवटपर्यंत वाचता यायचं,
‘धक्का देऊ नये’.
तिच्याखालीच सगळ्यात जास्त द्यायचे.
दक्षिणेची रिंग बोटभर झुकलेली,
नाणेफेक जिंकणारा आधी तीच मागायचा.

येशुदास मांडपल्ली, फायरमन, ड्यूटीवरून थेट कोर्टावर.
चेंडूवर त्याचा काळा पंजा उमटायचा,
कुणाचा हात लागला
हे पंचाला विचारावं लागत नसे.

चौऱ्याहत्तर. मे महिना. संप.
लोकोचे सात जण परभणीच्या कोठडीत,
आणि फायनल रविवारी.
यार्डात एक शिटी नाही. चेंडूचा टप्पा
नदीपर्यंत ऐकू गेला म्हणतात.
लोकोचे चारच उतरले.
मोंढ्याचा कप्तान प्रल्हाद ढाकरगे, तुरीचा अडत्या,
त्यानं त्यांची डोकी मोजली. म्हणाला,
“मी बसतो. होऊ द्या चार-चार.”
आणि सबंध सामना माझ्या शेजारी शेंगा फोडत बसला.
मोंढा तीन गुणांनी हरला.
पुढं महिनाभर मोंढ्यात त्याच्याशी कुणी धड बोललं नाही,
हेही खरं.
त्याच्या नावापुढं मी शून्य लिहिलं.
मग खोडलं.
तो रकाना तसाच आहे.

पंच्याऐंशीत तीन गुणांची रेघ आली.
सव्वासहा मीटर, असं कागदावर. टेप कुणाकडं?
गँगमन सोनकांबळेनं मीटरगेजची पट्टी आणली,
रिंगखालून सहा वेळा टाकली, वर अदमासे पाव,
तेवढी सुतळी कापून
चुन्याचा अर्धगोल ओढला.
येशुदास बघून म्हणाला,
“एवढ्या लांबून टाकायचं तर पास कशाला द्यायचा कुणाला?”

पुढची पानं भराभर उलटतात.
ब्रॉडगेज आलं. शेड बंद झालं.
गुंतकल, काझीपेट, अकोला:
एका महिन्यात लोकोचा संघ म्हणजे नऊ पत्ते.
शेवटच्या पानावर एकेचाळीस-एकेचाळीस,
वीज गेली,
आणि माझ्याच अक्षरात: ‘उरलेला उद्या’.

जुने रूळ उपसून नेले, वजनावर विकले.
गावात मीटरगेज उरलं ते फरशीत मुरलेल्या त्या चुन्यात,
सहा पट्ट्या आणि पाव.

एक सांगायचं राहिलं.
एक्क्याऐंशीची फायनल. गौस मोहियोद्दीनचा शेवटचा बॉल
रिंगवर दोनदा नाचला, आणि मी नेमका
पेनात शाई भरत होतो.
पंचानं माझ्याकडं पाहिलं.
मी मान हलवली, नाही.

गौस आता सिकंदराबादला, लेकाकडं.
दर ईदला फोन येतो. गुडघ्यांचं बोलून झालं की,
“मियां, वो अंदर था ना?”
मी म्हणतो थांबा, वही बघतो.
फोन बाजूला ठेवून पानं थोडी वाजवतो.
“नाही असंच लिहिलंय, गौसभाई.”
“लिख्या है तो सच्चीच होगा,” म्हणतो,
आणि फोन मात्र ठेवत नाही.