साठ मीटरवरच्या मुंग्या

क्रेन शिकलो ती साखर कारखान्यात.
गव्हाणीवर उसाच्या मोळ्या टाकायचो,
मळीचा वास केसांना, सदऱ्याला, डब्यातल्या भाकरीलाही.
गोडाची शिसारीच बसली होती,
चहात साखर कमी टाक म्हणून आईशी भांडायचो.

सोहार बंदरावर आलो तेव्हा वय एकोणतीस.
साठ मीटर वर काचेची केबिन,
खाली कंटेनर, जहाजं,
आणि समुद्र तव्यावरच्या तेलासारखा.
वर नेलेल्या पाण्याचा दहा वाजता काढा व्हायचा,
म्हणून तोपबहादूर दोरीला पिशवी बांधायचा
आणि मी वर ओढून घ्यायचो:
बर्फात गुंडाळलेले तीन कॅन,
एक लाल, दोन नारिंगी.

पहिला घोट, काय सांगू,
डोळ्यांमागं कुणी ओला रुमाल ठेवल्यागत.
एका कॅनमध्ये आठ-नऊ चमचे साखर असते
हे कळायला अकरा वर्षं गेली.
जीभ कधी बोलली नाही.
गार असलं की गोड लपतं,
उसने घेतलेला माणूस बाजारात
मान खाली घालून जातो तसं.

दरवर्षी मेडिकल.
पहिल्या वर्षी उपाशीपोटी शहाण्णव.
मग एकशे चार. मग एकशे अकरा.
डॉक्टर म्हणाले, बॉर्डरवर आहे.
म्हटलं असू दे, मी तरी कुठं घरात आहे.
पुढं काही वर्षं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही,
शिक्का बसला, व्हिसा वाढला,
कुंजीमोयदूच्या कॅफेटेरियात शुक्रवारी
बिर्याणीवर एक कॅन फुकट मिळत राहिला.

मग तहान आली.
प्यायलो की वाढणारी,
वाढली म्हणून पुन्हा पिण्याची.
केबिनमध्ये लघवीला बाटली असते
(खाली हे कुणी बोलत नाही).
पूर्वी पाळीला एक भरायची, मग दोन.
रमजानच्या आदल्या आठवड्यात तिसरी ठेवली
आणि दुपारी बघतो तर
बाटलीच्या तोंडाशी मुंग्या.

साठ मीटर!
लोखंड हात लावू देत नव्हतं त्या उन्हात.
कधी निघाल्या असतील? कुणी धाडलं?
कारखान्याचा वॉचमन मारुती खोचीकर आठवला,
पोत्यांच्या थप्पीकडं जाणारी काळी ओळ दाखवून म्हणायचा,
मुंगीला पत्ता विचारावा लागत नाही.
आता पत्ता माझा होता.

सिस्टर लिस्सीनं दंडाला रबर बांधलं.
म्हणाली, उपाशीपोटीचा आकडा एका सकाळचा,
हा दुसरा तीन महिन्यांचा.
चार दिवस कडुलिंब खाऊन याला फसवता येत नाही.
रक्ताचा कण जगतो तोवर
त्याच्या अंगावरची साखर पुसली जात नाही, म्हणाली.
कंपनी माझा तीन महिन्यांचा पगार अडकवून ठेवते,
रक्तानं एक घोट अडकवला नव्हता.
सगळं जमा. नऊ पूर्णांक चार.

त्या रात्री कसलाच हिशेब लागेना.
मग एकदम आठवलं,
दर रजेला घरी नेलेला नारिंगी पावडरीचा मोठा डबा.
ट्रंक उघडली की पोरगा आधी तो उचलायचा,
बोटानं चाटायचा, मी हसून बघायचो.
पोरगा आता पंधराचा.
फोन केला. सुमित्राला म्हटलं,
पोराचं पण रक्त तपासून घे.
ती बराच वेळ गप्प.
मागं कुणीतरी ग्लासात चमचा फिरवत होतं.

आता पिशवीतून पाणी येतं, नाहीतर बिनसाखरेचं ताक.
गोळी सकाळी, गोळी रात्री.
तोपबहादूर खालून विचारतो, लाल पाठवू का, आज एकच?
त्याला काय सांगणार, हात अजून दोरीकडं जातो.

हा सातवा आठवडा.
काल दोन मुंग्या आल्या होत्या वर.
सवयीनं आल्या असतील.
बाटलीभोवती एक फेरी घातली,
थांबल्या नाहीत.