उणे अठरा

बायक्का दारातच बांगड्या उतरवते,
ट्रेमध्ये ठेवते. ट्रे नंबर सतरा.
मंगळसूत्रावर पांढरी पट्टी, केसांवर टोपी,
पायांत गमबूट, अंगात दोन स्वेटर,
एक तिचा, एक नवऱ्याचा.
बाहेर गोकुळ शिरगावात एप्रिल, चाळीसला टेकलेला.
आत उणे अठरा.

मी कागदांचा माणूस.
मालाचं नाव, पेट्या, किलो,
कीड नसल्याचा दाखला, एअरवे बिल.
आज सोललेल्या उसाचे करवे, गोठवलेले, दोनशे चाळीस.
भेंडी ताजी, एकशे ऐंशी.
जायचं मनामाला.
भेंडीला फार गारठा सोसत नाही, काळी पडते.
करव्यांना ऊब सोसत नाही.
एका गाडीत दोघांचा संसार लावायचा म्हणजे
मधे जाड पडदा
आणि जिनाप्पा मगदूमसारखा ड्रायव्हर,
जो चहाला उतरला तरी इंजिन बंद करत नाही.

भिंतीपलीकडं उजळाईवाडीचा विमानतळ.
दुपारचं विमान आमच्या पत्र्यावरून इतकं खालून जातं
की वजनकाट्याचा शेवटचा आकडा थरथरतो.
पण त्याच्या पोटात आमच्या पेट्या मावत नाहीत.
उडायचा माल आधी रात्रभर रस्त्यानं जातो,
कराड, सातारा, खंबाटकी, मुंबई.
बायक्का म्हणते, "दारात इमान,
आन् ऊस निघाला बघा चालत."

एकदा तिनं बिल बघितलं.
"ह्ये दोनदा वजन का लिवलंय?"
एक खरं, म्हटलं. दुसरं जागेचं.
पेटी किती जागा अडवते त्याचं.
जे जास्त, त्याचे पैसे.
ती बराच वेळ हसली.
"मग माझं बिल कायच यायचं न्हाई.
मी कुठं जागा अडवलो?"

शेवटच्या पेटीत ती यंत्र ठेवते, काडेपेटीएवढं,
दर दहा मिनिटांनी गारवा टिपणारं.
भोवती कोरडा बर्फ,
जो वितळत नाही, ओलं करत नाही,
नुसता निघून जातो.
झाकण. पट्टी. लेबल: नाशवंत.
"ह्यो तर कीर्तनातला शब्द," ती म्हणाली,
"पेटीवर कुणी डकवला?"

सोमवारी मनामाहून आलेख आला.
रेघ सरळ. उणे एकोणीस, उणे एकोणीस,
घाटातसुद्धा उणे एकोणीस.
मग एक टेंगूळ.
दुपारी दोन दहा ते तीन, उणे पाचपर्यंत.
जिनाप्पा आईची शपथ घ्यायला लागला.
मी वेळा जुळवल्या.
गाडीनं माल सोडला होता, विमानानं घेतला नव्हता.
तापल्या फरशीवर, ट्रॉलीत,
कुणाच्याच सहीखाली नसलेली पन्नास मिनिटं.
माझ्या एकाही कागदात त्यांना रकाना नाही.

सोबत गिऱ्हाइकाचा फोटो.
पिशवीला आतून बर्फाचे काटे,
करवे सुटले आणि परत गोठले,
सगळ्यांचं मिळून एक ढेकूळ.
बायक्कानं मोबाइल हातभर लांब धरला.
"घाबरल्यात," ती म्हणाली,
"एकमेकाला धरून बसल्यात."

नुकसानीच्या अर्जावर मी किलो लिहिले.
कारण लिहायचं राहिलंय.

हजेरीत तिची सुटी सहाची. बस सहा पंचविसाची.
ट्रे नंबर सतरा पत्र्याजवळ असतो, बांगड्या तापलेल्या.
ती लगेच चढवत नाही.
गेटपाशी मावळत्या उन्हात दोन्ही हात पसरून उभी राहते,
बोटं परत येईपर्यंत.
मी खिडकीतून बघतो, घड्याळ बघतो.
मग एकेक करून
हिरवी, हिरवी, हिरवी,
आणि मनगट वाजायला लागतं.