फायली शून्य, चुका शून्य

कुताइसीत, रिओनीच्या पांढऱ्या धोंड्यांकडे पाठ करून
ग्वांत्साचं दुकान आहे:
वाकड्या पायांना सरळ चालवणारे बूट.

मला फोन आला तेव्हा डिस्क
घशात काटा अडकल्यासारखी खाकरत होती,
क्लक. थोडं थांबून, क्लक.
म्हटलं, आधी बंद करा. हात लावू नका.
ती म्हणाली, काळजी कसली, बॅकअप आहे की.

आहे की.
अकरा वर्षं ऐकतोय हे दोन शब्द,
नोटरीकडून, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून,
वाइनच्या बाटल्यांना लेबलं चिकटवणाऱ्या त्या दोघा भावांकडून,
आणि दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडतो.

प्रोग्रॅम उघडला.
रोज रात्री दोनला, सणवार न पाळता, वीज असली की
हिरवी खूण. हिरवी खूण. हिरवी खूण.
चार वर्षांची हिरवळ,
आणि तिच्या मुळाशी बारीक अक्षरांत:
काम यशस्वी. फायली शून्य. चुका शून्य.

खोटं बोलला नव्हता बिचारा.
ओमारीनं दाखवून ठेवलेल्या फोल्डरपाशी तो रोज जायचा.
ओमारी गेला, भाचीनं सगळं आवरून दुसरीकडे हलवलं,
हे त्याला कुणी कळवलंच नाही.
मूळ रिकामं झालं, म्हणून नक्कलही त्यानं रिकामी केली,
इमानेइतबारे,
आणि मग रात्रीमागून रात्र ते रिकामपण
या डिस्कवरून त्या डिस्कवर नेऊन ठेवलं.

बैल गेला नि झोपा केला
असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

तिनं बशीत चुर्चखेलाचे तुकडे ठेवले, मी पाहुणाच आहे जणू.
मग खिळ्यांच्या डब्यातून
चिंधीत गुंडाळलेली एक डिस्क काढली.
ही चालेल का? ओमारी कधीमधी हातानं उतरवून घ्यायचा.

चालली.
सहाशे अकरा जोड्या पाय, एकोणीस सालच्या नोव्हेंबरपर्यंतचे.
लेक्सोचे, वय सात, आत कलणारे
(लेक्सो तेव्हा दारातच उभा होता, ओठांवर लव, पाय होडीएवढे).
शेवटच्या रकान्यात ओमारीच्या टिपा:
उजवी टाच कुरकुरते.
पैसे पुढच्या महिन्यात, मागू नयेत.
हिला उंच दिसायचंय, तोंडानं सांगणार नाही.
आणि एका ओळीत तो स्वतः: डावा चार मिलिमीटर मोठा.
टीप नाही.

मरत्या डिस्कमधून मीही नव्वदेक पाय ओरबाडून काढले होते.
दोन्ही एकत्र करताना प्रोग्रॅम अडला:
या नावाची फाईल आहे. बदलायची, की दोन्ही ठेवायच्या?
माझं बोट बदलण्याकडे गेलं; नवं ते खरं, असा आमचा धंदा.
दोन्ही ठेव, ती म्हणाली.

मग पंधरा दिवस तिचे फोन:
अहो, तुमचे पाय हरवले माझ्याकडून,
जरा घेऊन येता का?
लोक आले. मोजे काढून बाकावर बसले,
आपलंच काही चुकल्यासारखे.
काही नंबर वाजतच राहिले.

जाताना मी तिला सांगितलं:
नक्कल आहे म्हणजे काहीच नाही,
परत काढून बघितली तर आहे.
ती बघते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी
डिस्कवरून एक कुणाचे तरी पाय उघडते,
पुठ्ठ्यावर उतरवते, कापते. जमलं, म्हणजे डिस्क जिवंत.
असा इमानदार गिऱ्हाईक मला दुसरा नाही.

परवा केबल बदलायला गेलो,
तर टेबलावर दोन पुठ्ठ्याचे तळवे, ताजे कापलेले.
कुणाचे ते विचारलं नाही.
जागा व्हावी म्हणून एकावर एक पालथे ठेवले.
वरचा जरासा बाहेर आला.
मी केबल लावली.